आधी तोफ, मागाहून सही

हार्बर लाइनवर रे रोड गेले की कॉटन ग्रीन येते. गाडीतल्या घोषणेत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही वेळा नाव एकच ऐकू येते, कारण त्याचे भाषांतर करायला कुणी गेलेच नाही. स्टेशनाबाहेर पडले की गोदामे, ट्रक, ताडपत्र्या. कापूस दिसत नाही, आणि ग्रीन म्हणावे असे तर काहीच नाही.

ते ग्रीन मुळात इथले नव्हेच. कोटाच्या आत, सेंट थॉमस चर्चसमोर एक मोकळे मैदान होते, आजचे हॉर्निमन सर्कल. गलबतांत चढवायच्या कापसाच्या गाठी तिथे रचत, म्हणून ते कॉटन ग्रीन. १८४४ मध्ये हा पसारा कुलाब्याला हलला आणि नावही सोबत गेले. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर भराव घातला, तेव्हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गाठींची वखार या भागात आली. बिऱ्हाड दोनदा हलले, दारावरची पाटी तीच राहिली.

या पाटीचा आणि युद्धाच्या अधिकाराचा संबंध काय, असे वाचक विचारील. मीही सुरुवातीला कापसावरच लिहायला बसलो होतो. पण या धाग्याचे जे टोक ओढावे त्याला पलीकडे एखादा युद्धकालीन हुकूम बांधलेला निघू लागला. कुणीतरी दूर बसून युद्ध ठरवतो, विधिमंडळाला मागाहून कळवतो, आणि त्याची झळ या चार-पाच किलोमीटरांच्या पट्ट्यात कुणाला तरी बसते. कुणी त्यात लखपती होतो, तर कुणी आर्थर रोडच्या तुरुंगात जातो.

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सरकारची तीन अंगे असतात आणि तिघांना आपापले अधिकार वाटून दिलेले असतात. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला त्यात वेगळेच चित्र दिसते. बिऱ्हाडे तीन असली तरी मजल्यावरचा नळ एकच. पहाटे जो आधी उठतो तो हंडे भरून घेतो. बाकीचे तोंड धुऊन भांडायला येतात. युद्धाच्या बाबतीत आधी उठणारे बिऱ्हाड नेहमी एकच असते, ते म्हणजे कार्यकारी सत्ता. मागाहून येणारे भांडतात तरी का, आणि भांडले तर हाती काय लागते, एवढाच माझा प्रश्न आहे.

*

सुरुवात वॉशिंग्टनपासून करावी लागते, कारण मुंबईचे नशीब तिथे एका सहीने फिरले. १९ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेकडच्या सात बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. आठवड्याभरात आणखी दोन राज्ये तीत आली. अमेरिकेच्या राज्यघटनेत युद्ध पुकारण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलेला आहे. काँग्रेस तेव्हा भरलेलीच नव्हती. लिंकन यांनी तिला बोलावले ते ४ जुलैला. मधले अडीच महिने अध्यक्षांनी एकट्याच्या बळावर सैन्य उभारले, बंदरे अडवली आणि जहाजे पकडली. काँग्रेसने जुलै-ऑगस्टमध्ये या सगळ्यावर मागाहून मान्यतेचा शिक्का मारला.

लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस त्याच बंदरांतून जात होता. तो थांबला आणि मँचेस्टरची नजर मुंबईकडे वळली. आपला आखूड धाग्याचा ‘सुरती’ कापूस एरवी तिकडे नाइलाजाने घेत. आता त्यासाठीच झुंबड उडाली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, काठेवाड इथून गाठी निघाल्या. बोरघाटातला रेल्वेमार्ग नेमका १८६३ मध्ये खुला झाला. जुन्या गाद्या उसवून आतला कापूस विकल्याचे किस्से मुंबईच्या इतिहासांत नोंदवलेले आहेत. नेहमीच्या भावाने मिळाले असते त्यापेक्षा सात-आठ कोटी पौंड या चार-पाच वर्षांत मुंबईत जादा आले, असा हिशेब त्या काळच्या लेखकांनी मांडला आहे. पैसा जिरायला जागा नव्हती, म्हणून समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव आला. दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्जे देऊ लागल्या.

इकडे वायद्यावर वायदे चढत होते तेव्हा तिकडे चार जहाजांचा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा होता. नाकेबंदी मोडली म्हणून नौदलाने ती जप्त केली होती. त्यांतले ‘एमी वॉरविक’ रिओहून कॉफी भरून रिचमंडला निघाले होते. मालकांचे म्हणणे सरळ होते: काँग्रेसने युद्ध पुकारले नव्हते, म्हणजे युद्ध नव्हते, युद्ध नव्हते तर नाकेबंदी कसली आणि जप्ती कसली? १० मार्च १८६३ रोजी निकाल लागला, पाच विरुद्ध चार. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती ग्रियर यांनी म्हटले की युद्ध अध्यक्षाच्या दारात येऊन उभे राहिले आहे. काँग्रेस त्याचे बारसे करेपर्यंत हात बांधून बसायची त्याच्यावर सक्ती नाही. नेल्सन आणि त्यांच्यासोबतच्या तिघांचे म्हणणे असे की युद्ध म्हणजे नुसती मारामारी नव्हे, ती एक कायदेशीर स्थिती आहे आणि ती काँग्रेसच निर्माण करू शकते. १३ जुलै १८६१ च्या कायद्यापूर्वीच्या जप्त्या म्हणूनच बेकायदा.

एक मत इकडचे तिकडे गेले असते तर? लिंकन यांनी तोफा मागे घेतल्या नसत्या, हे उघड आहे. काँग्रेसची मान्यता तोवर आलीही होती. पण मुंबईचा सट्टा ज्या नाकेबंदीवर उभा होता तिचे पहिले तीन महिने तरी बेकायदा ठरले असते, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. काळबादेवीच्या पेढीवर कापसाचा सौदा करणाऱ्या दलालाला, आपल्या नफ्याचा पाया वॉशिंग्टनच्या एका न्यायालयात चार-पाच मतांवर डुगडुगतो आहे, याची कल्पनाही नसावी.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा जनरल ली शरण आला. बातमी मुंबईला पोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी किती पेढ्या बुडाल्या याची मोजदाद करायला माणसे उरली नव्हती, असे म्हणायची वेळ आली. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंदांनी तेजीत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला आणि अजून वेळ सांगतो.

*

कॉटन ग्रीनच्या कापूस बाजाराची स्वतःची जन्मकथाही अशीच आहे. पहिल्या महायुद्धात कापसाचा सट्टा हाताबाहेर गेला, तेव्हा सरकारने १९१८ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली एक समिती नेमून वायद्यांवर तिचा पहारा बसवला. १९१९ मध्ये तिच्या जागी मंडळ आले. लढाई संपली होती, पण पहारा उठला नाही. १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली आणि १९२२ च्या मुंबई कायद्याने मंडळाची सूत्रे तिच्याकडे आली. शत्रूशी लढण्यासाठी घेतलेला अधिकार असा बाजारपेठेची शिस्त होऊन बसला. त्याने बाजाराचे भलेच झाले, हेही कबूल करायला हवे.

*

३ सप्टेंबर १९३९. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान जर्मनीविरुद्धच्या युद्धात उतरल्याचे जाहीर केले. केंद्रीय विधिमंडळ होते, प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे होती. त्यांतल्या कुणालाही विचारले गेले नाही. १९३५ च्या कायद्याप्रमाणे संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार हे गव्हर्नर जनरलच्या स्वेच्छेचे विषय होते, तेव्हा कायद्याने त्यांची काही चूक नव्हती. पण त्याच साम्राज्यातल्या कॅनडाने आपली संसद बोलावली, चर्चा केली आणि १० सप्टेंबरला स्वतंत्रपणे युद्ध जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत ८० विरुद्ध ६७ असे मतदान झाले. आपल्याकडे मत मोजायचा प्रश्नच आला नाही.

मत दिले ते गिरणगावाने. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईतल्या सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. परळ-लालबागचे भोंगे वाजले आणि खाती रिकामी राहिली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कलम ९३ खाली मुंबई प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. विरोध म्हणून राजीनामा देणे नैतिकदृष्ट्या उंच असेल, पण त्याने नळावरचे एक बिऱ्हाडच उठून गेले. पुढची सहा-साडेसहा वर्षे मुंबईत हुकूम काढणाऱ्याला जाब विचारायला सभागृह उरले नाही. उरले ते फक्त न्यायालय.

त्या न्यायालयात गेलेला माणूस म्हणजे केशव तळपदे. मुंबई सरकारने त्यांना भारत संरक्षण नियमांतल्या नियम २६ खाली विनाचौकशी स्थानबद्ध केले होते. मुंबई उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही आणि प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्यासोबत वरदाचारियर आणि झफरुल्ला खान होते. युद्ध योग्य की अयोग्य, तळपदे धोकादायक की निरुपद्रवी, यात न्यायालय शिरले नाही. त्याने मूळ कायदा आणि त्याखालचा नियम शेजारी ठेवून वाचले. कायद्यात म्हटले होते की ज्याच्याविषयी ‘वाजवी संशय’ असेल अशा माणसाला अडकवण्याचे नियम करता येतील. नियमात मात्र ‘सरकारची खात्री झाली’ की पुरे, असे लिहिले होते. संशय वाजवी आहे की नाही हे तिसऱ्या माणसाला तपासता येते. सरकारची खात्री झाली की नाही हे सरकारच सांगणार. अंगरखा कापडापेक्षा मोठा शिवला होता. २२ एप्रिल १९४३ रोजी न्यायालयाने नियम २६ रद्दबातल ठरवला.

देशभर हजारो माणसे, ‘भारत छोडो’तले कितीतरी कार्यकर्ते, याच नियमाखाली आत होती. सहाव्या दिवशी, २८ एप्रिलला, गव्हर्नर जनरलनी वटहुकूम काढून मूळ कायद्याचेच शब्द बदलले, आणि तेही मागील तारखेपासून. म्हणजे नियम पहिल्यापासून बरोबरच होता! विधिमंडळ लागले नाही. आधी वटहुकुमाला सहा महिन्यांची मुदत तरी असे. १९४० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तीही काढून टाकली होती. १९४५ मध्ये शिवनाथ बॅनर्जी यांच्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ग्वायर यांचा तर्कच चुकीचा ठरवला. तळपद्यांचा विजय पहिल्यांदा वटहुकुमाने पुसला, दुसऱ्यांदा वरच्या कोर्टाने. तरीही कायद्याचे विद्यार्थी आजवर तो निकाल वाचतात. भर युद्धात, साम्राज्याच्या स्वतःच्या सरन्यायाधीशाने, मुंबईच्या एका कैद्याच्या अर्जावर सरकारला सांगितले होते की तुमचाच कायदा नीट वाचा.

वर्षभराने, १४ एप्रिल १९४४ ला, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले. त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता आणि कराचीला भरलेल्या आठ हजारांहून अधिक कापसाच्या गाठी. शांततेच्या काळात स्फोटके घेऊन जहाजाला गोदीत येऊ देत नसत. बाहेरच पडावांत उतरवावी लागत. युद्धाच्या निकडीत तो दंडक सैल झाला होता. दुपारी गाठींमधून धूर निघाला. दाबून बांधलेली कापसाची गाठ आतल्या आत कशी धुमसते, हे वखारीत काम केलेल्यांना सांगावे लागत नाही: वरून पाणी मारा, बाहेरून विझलेली दिसते, आत निखारा जिवंत. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. जळत्या कापसाचे बोळे मैलभर उडाले. अग्निशमन दलाची ६६ माणसे गेली. एकूण बळी शेकड्यांत, आणि बेघर हजारोंनी. नुकसानभरपाईचा निर्णयही वटहुकुमानेच झाला. म्हणजे दंडक सैल करणारी आणि भरपाईची व्यवस्था ठरवणारी सत्ता एकच.

*

लढाई १९४५ ला संपली. कापड मात्र सुटले नाही. १९४३ च्या कापड आणि सूत नियंत्रण हुकुमाने गिरणीतल्या ताग्यापासून दुकानातल्या वारापर्यंत सगळे बांधून टाकले होते. भारत संरक्षण कायद्याची मुदत ३० सप्टेंबर १९४६ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून अत्यावश्यक पुरवठा (तात्पुरते अधिकार) वटहुकूम लागू झाला. त्याचा मग कायदा झाला. ‘तात्पुरते’ हा शब्द नावात मिरवत तो १९५५ पर्यंत चालला, आणि मग कायमचा अत्यावश्यक वस्तू कायदा आला. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या कुणालाही आपण एका महायुद्धाच्या शेपटीत उभे आहोत, असे वाटले नसेल.

या शेपटीचा फटका कसा बसे ते पाहा. नोव्हेंबर १९४८ मध्ये हरिशंकर बागला आणि त्यांची पत्नी मुंबईहून कानपूरला निघाले होते. इटारसीला रेल्वे पोलिसांनी त्यांना उतरवले. सामानात सहा मणांहून अधिक नवे सुती कापड सापडले आणि परवाना नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. संसदेने आपला अधिकार सरकारी अधिकाऱ्यांच्या हुकुमांवर किती सोडून द्यावा, हा त्यातला मोठा प्रश्न. १९५४ मध्ये न्यायालयाने हुकूम वैध ठरवला: धोरण कायद्याने सांगितले आहे, तपशील सरकारने भरावा. सहा मण कापड घेऊन प्रवास करणारे जोडपे अगदीच भोळे असेल असे मला वाटत नाही. तरीही युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर, स्वतंत्र देशात, कापडाच्या गाठोड्यावरून फौजदारी होते, यातले नवल कमी होत नाही.

*

परळच्या पोयबावडीतल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बरीच वर्षे राहिलेल्या डॉ. आंबेडकरांनी ही सत्ता आतून पाहिली होती. १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितले की ही घटना काळाप्रमाणे संघराज्यात्मकही राहू शकते आणि एकात्मही होऊ शकते. युद्ध आले की ती एकात्म होऊन चालावी, अशीच तिची बांधणी आहे. हे लपवून ठेवलेले नव्हते.

आपल्या घटनेत एक गंमत आहे. संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य कलम ५३ ने राष्ट्रपतींकडे दिले आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल असे म्हटले आहे. ‘युद्ध आणि शांतता’ ही संघसूचीतली पंधरावी नोंद. पैसा संसदेच्या मंजुरीशिवाय खर्चता येत नाही. पण ‘युद्ध पुकारणे’ हे क्रियापद घटनेने कुणाच्याही नावावर लावलेले नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे निर्णय मंत्रिमंडळाचा. संसदेने आधी ठराव करावा अशी अट कुठेच नाही. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली तीही करारानंतर, सरकारच्या निर्णयाने. अण्वस्त्रे वापरण्याचा हुकूम कुणी द्यायचा, हे तर जानेवारी २००३ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने एका प्रसिद्धीपत्रकाने जाहीर केले: पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषद. त्यासाठी वेगळा कायदा झाला नाही.

अमेरिकेने १९७३ मध्ये, निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढून, अध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला कळवावे आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत सैन्य आवरावे, असा कायदा केला. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक अध्यक्षाने तो वळसा घालून ओलांडला. तेव्हा कागदावर कलम असले की काम भागते, असेही समजू नये.

आपल्या घटनेचे जे खरे दात आहेत ते युद्धात नाहीत, आणीबाणीत आहेत. कलम ३५२ खाली उद्घोषणा झाली की कलम ३५९ खाली मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद करता येतो. मुळात उद्घोषणेला दोन महिन्यांत संसदेची मान्यता मिळाली की ती उठवेपर्यंत कायम; मुदतच नव्हती. २६ ऑक्टोबर १९६२ ला चीनच्या आक्रमणामुळे पुकारलेली आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत चालली. लढाई महिनाभर, आणीबाणी सव्वापाच वर्षे! १९७५ चे पुन्हा सांगायला नको. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, एका महिन्यात विशेष बहुमताने मान्यता आणि दर सहा महिन्यांनी नव्याने मंजुरी अशा अटी घातल्या. मागाहून यायचेच असेल तर निदान पुन्हापुन्हा यावे, इतके तरी आपण शिकलो.

*

या लेखासाठी मी जो निकाल सगळ्यांत जास्त वेळा वाचला त्याची छापील प्रत महिनाभर माझ्या पिशवीत होती. एकदा शिवडीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मान वाकडी करून मथळा वाचला आणि आस्थेने विचारले, “केस चालू आहे का तुमची?” म्हटले, “नाही हो, संपली. पासष्ट साली.”

महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी. संझगिरी कम्युनिस्ट चळवळीतले. १९६२ च्या भारत संरक्षण नियमांखाली राज्य सरकारने त्यांना मुंबईत स्थानबद्ध केले होते. तुरुंग आर्थर रोडचा, सातरस्त्याजवळ. कॉटन ग्रीनहून फार तर तीन किलोमीटर. आत बसून त्यांनी सरकारच्या परवानगीने एक पुस्तक लिहिले. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. मूलकणांची आणि पुंजसिद्धान्ताची सामान्य मराठी वाचकाला ओळख करून देणारे. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी अर्ज केला: हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्या, छापायचे आहे. सहा महिन्यांनी, २७ मार्च १९६५ च्या पत्राने, सरकारने नकार कळवला. मग तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज; तिथेही नाही.

चित्र डोळ्यांपुढे आणा. कोठडीत हाताने लिहिलेल्या पानांचा गठ्ठा आहे, त्यात इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन यांच्या गोष्टी आहेत, आणि देशाच्या संरक्षणासाठी तो गठ्ठा दाराबाहेर जाता कामा नये. लिहायची परवानगी ज्यांनी दिली तेच पाठवायला नाही म्हणताहेत.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी अनुक्रमणिका चाळली आणि हे निखळ विज्ञान आहे, लोकांना शहाणे करण्यासाठी लिहिलेले आहे, असा निर्वाळा देऊन हस्तलिखित पाठवू देण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. स्थानबद्ध माणसाने स्वातंत्र्य गमावलेलेच असते; त्याला मिळतात त्या फक्त १९५१ च्या मुंबई स्थानबद्धता-अटींच्या हुकुमात लिहिलेल्या सवलती; त्या यादीत पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत नाही; सबब नाही. शिवाय आणीबाणी आहे, राष्ट्रपतींच्या आदेशाने न्यायालयाचा दरवाजा बंद आहे.

न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी दोन्ही मुद्दे तळपदे प्रकरणाच्याच रीतीने, म्हणजे शब्द वाचून, सोडवले. राष्ट्रपतींचा आदेश सरसकट नाही. संरक्षण कायद्याखाली किंवा त्याच्या नियमांखाली ज्याचे स्वातंत्र्य काढून घेतले त्यालाच तो लागू. हस्तलिखित अडवणे कुठल्या नियमात आहे, दाखवा. नियम नसेल तर दरवाजा उघडा आहे. आणि तो १९५१ चा हुकूम म्हणजे सवलतींची यादी नव्हे, बंधनांची यादी आहे. जे त्यात बंद केलेले नाही ते माणसाकडे शिल्लक राहते. संरक्षण कायद्याच्याच कलम ४४ मध्ये, नागरिकांच्या नेहमीच्या व्यवहारांत शक्य तितकी कमी ढवळाढवळ करावी, असे सरकारला बजावलेले होते. न्यायालयाने त्यावर बोट ठेवले.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. ती पाहून मी पिशवीतली प्रत पुन्हा तपासली, कारण ही तारीख आपल्याला दुसऱ्याच कारणाने पाठ असते. त्याच पहाटे भारतीय सेना आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघाली होती. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, हिमालयाच्या हाकेला धावून गेलेला सह्याद्री. पाच दिवसांपूर्वी, १ सप्टेंबरला, छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्यांनी एअर मार्शल अर्जन सिंग यांना त्याच दुपारी, हातोहात दिली होती, आणि सूर्य मावळायच्या आत विमाने उडाली होती. ६ तारखेला चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केले. संसदेला कळले ते सेना निघाल्यावर. त्यात मला काही वावगे दिसत नाही. लाहोरकडे निघण्याचा मुहूर्त आदल्या दिवशी सभागृहात चर्चेला ठेवता येत नाही. सभासदांनी बाके वाजवून पाठिंबा दिला.

त्याच दिवशी दिल्लीतच, संसदेपासून काही मिनिटांच्या अंतरावर, दुसऱ्या एका इमारतीत न्यायालय महाराष्ट्र सरकारला सांगत होते की अपील फेटाळले आहे, हस्तलिखित जाऊ द्या. सुटकेची मागणी त्या अर्जात नव्हतीच. आर्थर रोडच्या दारातून पानांचा गठ्ठा बाहेर पडायचा होता. तो लिहिणाऱ्याविषयी निकालात काही आदेश नाही.